हळदीआधीचं पांढरं

रनाळ्यात रुपाला लोक दोन गोष्टींवरून ओळखत. एक तिच्या हातची कळण्याची भाकरी आणि दुसरं तिचं पांढऱ्या रंगाशी असलेलं वैर. वैर म्हणजे अगदी हाडवैर. घरात पांढरी चादर नाही, पांढरा टॉवेल नाही, उशांचे अभ्रे सगळे फुलाफुलांचे. भाची शाळेत होती तेव्हा तिच्या गणवेशाचा पांढरा सदरा रुपा निळीत इतका बुडवायची, की शाळेतल्या बाईंनी एकदा चिठ्ठी पाठवली होती. रुपाचा मोठा भाऊ हेमकांत म्हणजे तालुक्याला नोकरी करून गावातली शेती सांभाळणारा अबोल माणूस. त्यानं तर पांढरा शर्ट घालणंच सोडून दिलं होतं. का सोडलं असं कुणी विचारलं, की तो पायात चपला सरकवून बाहेर पडायचा.

म्हणूनच नंदुरबारच्या बाजारात, दाऊदभाईच्या दुकानातल्या गादीवर ऐसपैस बसून ममता जेव्हा म्हणाली, "चाचा, पांढरं दाखवा, हळदीसाठी," तेव्हा रुपाच्या हातातला चहा मांडीवर सांडला. चटका बसलेला तिला कळलाही नाही.

ममता ही हेमकांतची एकुलती एक लेक. तिची आई तापानं गेली तेव्हा पोर पाळण्यात होती. त्याच सुमाराला रुपा कपाळ पुसून माहेरी परतली होती. एकीला आई नव्हती, दुसरीला कुणीच नव्हतं, त्यामुळे दोघींचं लगेच जमलं. आत्याला इकडे फुई म्हणतात. न्हाऊमाखू घालण्यापासून बारावीच्या परीक्षेला केंद्राबाहेर उन्हात ताटकळण्यापर्यंत आणि पुण्याच्या होस्टेलला सोडून येताना एसटीत हुंदके देण्यापर्यंत सगळं फुईनं केलं. आता ममता पुण्यात कंपनीत होती. शहाद्याचा अमृत तिनं स्वतः पसंत केला होता आणि लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

"धवळं काबर वं माय?" रुपानं कसाबसा आवाज काढला.

"फुई, आता सगळ्याच घालतात. पांढऱ्यावर हळद उडाली की फोटोत काय उठून दिसते! मी पांढरा घागरा घालणार, मैत्रिणीही पांढऱ्यात, गावातल्या बायाही पांढऱ्यात. संगीताच्या कार्यक्रमाला पण पांढरंच."

"हळदले नवरी पिवळं नेसस."

"अगं, होईलच की पिवळं. हळद लागली की झालं."

आता ममताला काय सांगावं, की सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

यांच्या घराची रीत अशी, की नवरीला मामानं पिवळी साडी आणायची. ती नसेल तर पांढरं पातळ पाच सवाष्णींनी हळदीच्या पाण्यात बुडवायचं आणि ते पिवळं झाल्यावरच नवरीच्या अंगाला लावायचं. कोरं पांढरं नवरीच्या अंगाला लागता कामा नये. रुपाच्या हळदीला मामाची जीप प्रकाशा गावच्या पुलापाशी बंद पडली. मुहूर्त टळत होता, ताशेवाले कंटाळले होते, आणि बायका म्हणजे घाईत शहाणपण गहाण टाकणारी जमात. कुणीतरी ट्रंकेतलं पांढरं पातळ काढलं, तसंच कोरं रुपाला गुंडाळलं आणि पाटावर बसवलं. "वरतून हळद लागसच ना!" म्हणाल्या. हळद लागली, पण पदर पाठीमागं गेला होता. तो कोराच राहिला.

नवरा चांगला होता, आणि हेच रुपाचं दुखणं होतं. वाईट असता तर विसरली असती. तळोद्याच्या बाजूचं घर, बागायती जमीन, शिकलेला, हसरा. लग्नानंतर तो तिला तोरणमाळला घेऊन गेला होता. चढावर चार पावलं चालला की दगडावर बसायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "तू पुढं चाल, मी तुन्ही पाठ देखत येस." केवढी लाजली होती ती! पुढच्याच वर्षी शेतात मोटर चालू करायला गेला आणि बांधावरच कोसळला. दिवसकार्य उरकायच्या आत सासरच्या बायकांनी निकाल दिला, हळदीला कोरं पांढरं नेसली होती, तिनंच खाल्लं. माहेरच्या बायकांनी माना डोलावल्या. आणि रुपानं, बावीस वर्षांच्या पोरीनं, तो निकाल मुकाट्यानं स्वीकारला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात तिची जागा ठरलेली असे. मांडवामागं पाण्याच्या टाकीपाशी, रिकाम्या गोण्यांवर. तिथं बसून ती कांदे चिरायची. डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी विचारत नसे, एवढीच त्या कामात सोय.

ममता आत आरशासमोर ओढणी धरून बघत होती तेवढ्यात रुपा दाऊदभाईच्या कानाशी लागली. "दाऊदभाई, तुमना पाया पडस. धवळं संपनं म्हनी सांगा."

रुपाच्या लग्नाचा बस्ताही याच गादीवर झाला होता. दाऊदभाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ममताला म्हणाले, "बेटा, पांढरा माल कालच सगळा तळोद्याच्या पार्टीला गेला." त्यांच्या डोक्यामागच्या फळीवर पांढऱ्या कापडाचे तागे छताला टेकले होते. ममता तागे बघून हसली, फुईकडे बघून हसायची थांबली आणि पर्समधून मोबाइल काढला. आठवड्याच्या आत पुठ्ठ्याचा खोका दारात हजर. म्हणजे दाऊदभाईचं गिऱ्हाईक गेलं आणि पांढरं व्हायचं ते आलंच.

तिथून पुढं रुपाला अन्न गोड लागेना. आधी ती चुलतीकडे गेली. नानीबाई ही भावकीतली सगळ्यांत थोरली सवाष्ण. तोंडानं तिखट, पण रीतीभाती तिलाच ठाऊक.

"काकू, तू सांग ना पोरले. तुन्हं ऐकी ती."

"तुन्हं देखीसन बी तिले अक्कल नई येस का?" नानीबाई कडाडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पन तू काही बोलू नको हां. अशी येळले तुन्ही जीभ लागी पोरले."

घ्या! बोलावं तर जीभ लागणार, गप्प बसावं तर पांढरं लागणार.

मग भाऊ. हेमकांत ओट्यावर बसून फवारणीचा पंप साफ करत होता.

"भाऊ, तू बाप शे. तुन्हा शब्द मोडाव नई ती."

"फॅशन शे. जाऊ दे," तो पंपाकडे बघत म्हणाला.

"मन्हं काय व्हयनं ते तुले माहीत नई का?"

पंपावरचा हात थांबला. "माहीत शे," हेमकांत म्हणाला. त्यापुढं काहीतरी त्याच्या ओठावर आलेलं दिसलं, पण ते त्यानं गिळलं आणि चपला घालून बाहेर पडला. रुपाला वाटलं, भावाला आपलं दुःख बघवत नाही. किती भोळी होती बिचारी!

उरली देवी. कडक उन्हात ती अनवाणी खोडाईमातेला जाऊन आली. तळपायांना फोड आले ते ममतानं बघितले. ती मलम घेऊन फुईच्या पायाशी बसली.

"फुई, असं नको गं करू. पांढऱ्या कपड्यानं माणूस मरत नाही."

"मंग तो कसाकरता मरना? सांग. तू शिकेल शे, तूच सांग."

पुण्यात मोठमोठ्या साहेबांना उत्तरं देणारी ममता मलम लावत राहिली, पण घागऱ्याचा हट्ट काही सुटला नाही. खरं सांगायचं तर तिला तो घागरा मनापासून आवडला होता, आणि सव्वीस वर्षांच्या पोरीला आपल्या हळदीचा घागरा आवडू नये असा कुठं कायदा आहे?

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात ताशा तापत होता. भावकीतल्या बायका पांढऱ्या साड्यांत आल्या होत्या आणि एकमेकींना बघून ओशाळं हसत होत्या. एकजण म्हणालीसुद्धा, "दारवर बसाले येल शेत का हळदले, कळी नई ऱ्हायनं." दारावर बसायला जातात ते मयताच्या घरी. बाकीच्या हसल्या. मागच्या अंगणात रुपाच्या कानावर ते पडलं तशी ती उठून आत गेली.

घागरा आतल्या खोलीत खुंटीला टांगला होता. ममता आंघोळीला गेली होती. रुपानं तो उचलला आणि मागच्या दारानं न्हाणीमागं आली. घंगाळात हळदीचं पाणी तिनं आधीच कालवून ठेवलं होतं. आता फक्त बुडवायचं. पण हात पुढं होईना. रीत पाच सवाष्णींची. विधवेचा हात नवरीच्या हळदीला लागला तर? कोरं पांढरं वाईट की रांडमुंडीचा हात वाईट? आगीतून फुफाट्यात पडावं, की आगीतच राहावं? अशा वेळी कुणाला विचारणार? तिनं आजूबाजूला पाहिलं. कुंपणापाशी कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या. त्यातल्या दोन तिनं धुतल्या, हातांत चढवल्या, मनगटाशी सुतळीनं दातांनी गाठ मारून बांधल्या. आपला हात लागू नये म्हणून. आणि डोळे मिटून, देवीचं नाव घेत घागरा पाण्यात दाबला.

हसू येतं ना? त्या क्षणी तिच्याकडे कुणी पाहिलं असतं तर हसूच आलं असतं. आणि मग हसल्याची लाज वाटली असती.

रुपाला कापूस माहीत, सुती पातळ माहीत. हे नवं कापड कसलं, तिला काय ठाऊक! वर काढलं तर पाणी निथळून गेलं आणि वरचं झिरझिरीत कापड पांढरंच. तिनं पुन्हा दाबलं, चोळलं, पिळलं. जरा पिवळट झालं आणि लगेच ओघळून गेलं. आतलं अस्तर मात्र सुती होतं. त्यानं रंग असा धरला की पिवळंधमक झालं. वरून पांढरं, आतून पिवळं. पिशव्याही कधीच फाटल्या होत्या. रुपाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. इतक्या वर्षांत त्या हातांना भाजीच्या फोडणीपलीकडं हळद लागली नव्हती. ती हातांकडे बघत राहिली आणि तिला रडू फुटलं.

तो आवाज ऐकूनच नानीबाई आली. तिनं घंगाळ पाहिलं, घागरा पाहिला, हात पाहिले आणि बोंब ठोकली. "अरे देवा! रांडना हात लागना रे हळदले!"

मांडव रिकामा होऊन सगळी माणसं मागं धावली. ममता ओल्या केसांनी आली. घागऱ्याची दशा बघून तिचा चेहरा पडला. "फुई! हे काय केलंस तू?" म्हणून ती तिथंच पायरीवर बसली.

"पिवळं नई व्हयनं वं माय," रुपा ओरडली. "अजून बी धवळंच शे! तू हाई नेसू नको. मी तुले नेसू देवाव नई." ती इकडून तिकडे फिरू लागली. डोळे भलतेच दिसत होते. हेमकांत पुढं झाला तशी तिनं त्याचे पाय धरले. "भाऊ, थांबाड रे. मन्हागत व्हई तिनं. तोबी बांधवर पडी." त्यानं उठवायला हात घातला तर तिनं तो झिडकारला आणि कट्ट्यावरचा ममताचा मोबाइल उचलला. "मी अमृतना घर फोन करस. सांगस लगीन मोडा म्हनी. पोर कुवारी ऱ्हायनी तरी चाली. मन्हागत तं नई व्हवाव."

बायका पुटपुटल्या, "येडी व्हई गई." हेमकांतनं मोबाइल धरायला हात पुढं केला. तिनं मोबाइल छातीशी आवळला. "मन्हा नवरा धवळानी खादा, भाऊ! मी खादा त्याले!"

"नई खादा तू!" हेमकांत ओरडला. त्या माणसाचा इतका मोठा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. "धवळानं काही नई करं. त्यानी छाती खराब व्हती. लगीननं आगोदरथीन."

ताशा कुणीतरी आधीच थांबवला होता. आता माणसंही थांबली.

"सुरतले दवाखाना चालू व्हता त्याना," हेमकांत जमिनीकडे बघत बोलत होता. "मी आनि बाप देखाले गयथूत. मी त्यानी खाटजोडे उभा व्हतो. डॉक्टरनी सांगं, ऑपरेशन करनं पडी, नईते भरोसा नई. पन बापनी शब्द दिधेल व्हता. त्याना घरना लोक म्हनेत, लगीन व्हई जाऊ द्या, मंग ऑपरेशन करसूत. आम्ही हा म्हनूत."

रुपाचं तोंड उघडंच राहिलं. "आनि मंग?" ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "तो मरना मंग?"

"मंग बाया धवळं धवळं करेत. आम्ही गप्प ऱ्हायनूत." हेमकांत घंगाळाकडे बघत म्हणाला, "आमले सोपं पडनं, रुपा."

सोपं पडलं! बाईच्या उभ्या आयुष्याची होळी झाली आणि बाप-भावाला काय, तर सोपं पडलं. बाप तर वर जाऊन सुटला. हा मात्र पांढरा शर्ट सोडून आपण केवढं प्रायश्चित्त घेतलं या समजुतीत इतकी वर्षं जेवला, झोपला, आणि बहिणीला टाकीमागं कांदे चिरताना बघत राहिला. नानीबाईनंही नजर चुकवली. तिला माहीत होतं की नव्हतं, कुणी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून मात्र विचारायची गरज उरली नव्हती.

रुपा घंगाळाशेजारी बसली. तिला तोरणमाळचा चढ दिसत होता. दगडावर बसलेला तो, काळवंडलेले ओठ, घाम. 'तू पुढं चाल.' म्हणजे त्याला धाप लागली होती. आणि ती वेडी लाजत पुढं चालत गेली होती, मागं वळूनसुद्धा न बघता. तिच्या तोंडून असा हुंदका निघाला की ममतानं धावत येऊन तिला कवळ घातली.

जरा वेळानं रुपानं मान वर केली. डोळे पुसले तशी गालावर हळद फासली गेली. पहिलं वाक्य ती भावाला बोलली नाही. तिनं ममताचे दंड घट्ट धरले.

"आनि अमृत? त्याले कोनी देखं का? छाती, सगळं? कोनी इचारं का?"

"मी विचारलं, फुई," ममता म्हणाली. "मी स्वतः त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. माझं दाखवलं, त्याचंही दाखवलं. ठणठणीत आहे तो."

"तुले कोनी थांबाडं नई?"

"नाही. तू विचारलं नव्हतंस?"

"मले त्यानं तोंड बी मांडवमाच दिसनं वं माय," रुपा म्हणाली.

ममतानं मग तो ओला घागरा उचलला, झटकला आणि तसाच ओला नेसून मांडवात गेली. वरून पांढरा, आतून पिवळा. पाटावर बसल्यावर तिनं हाक मारली, "फुई, पहिली हळद तू लाव."

बायकांत चुळबूळ झाली. नानीबाई दोन पावलं मागं सरकली. रुपा पाटासमोर आली, वाटीत बोटं बुडवली, पण हात उचलेना. आता सगळं कळलं होतं, तरी उचलेना. बोटांवरची हळद टपटप जमिनीवर पडत होती. इतक्या वर्षांचं भय अंगात मुरलं होतं, ते एका सकाळीत कसं निघावं? "मन्हा हात नई चाली ऱ्हायना, पोर," ती रडत म्हणाली. "मले भेव लागस."

"लागू दे," ममता म्हणाली. तिनं फुईचं मनगट धरलं नाही, ओढलं नाही. गाल पुढं करून तशीच बसून राहिली. ताशेवाले बघत होते, फोटोवाला कॅमेरा खाली करून उभा होता. शेवटी रुपाची दोन बोटं पोरीच्या गालाला टेकली, मग सगळा तळवा. मग दुसरा.

त्यानंतर बापाची पाळी. हेमकांत डोळे पुसत पुढं आला आणि त्यानं वाटीकडे हात केला. रुपानं वाटी आपल्याकडे ओढली.

"रुपा, चुकनू मी. माफ कर," तो म्हणाला.

"आज नई, भाऊ." तिचा आवाज आता कापत नव्हता. "आज मन्ही पोरनी हळद शे. तू मांगे जाईसन बस."

हेमकांत क्षणभर उभा राहिला. मग तो मांडवाच्या मागं गेला आणि पाण्याच्या टाकीपाशी, रिकाम्या गोण्यांवर जाऊन बसला. कांद्यांची पाटी आणि सुरी तिथं सकाळपासून ठेवलेलीच होती.